उसना बर्फ

नाताळ जवळ आला म्हणजे आमच्या शहरांतील ख्रिस्तमंदिरांतून मुलांच्या गाण्यांची तालीम सुरू होते. नोव्हेंबर संपतां संपतां ती लागते, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यांत रंगांत येते आणि नाताळच्या कार्यक्रमाबरोबर आटोपते. पुढें जानेवारींतल्या एखाद्या रविवारीं त्यांतलें गाणें मुलांना म्हणावयास सांगितलें तर पहिल्या दोन ओळींपलीकडे तें जात नाहीं. ह्या महिनाभराच्या उद्योगाला मुलांना धार्मिक गाणीं शिकविणें असें नांव देण्यांत येतें. हें नांव त्याला शोभत नाहीं असें आमचें स्पष्ट मत आहे. हा एका संध्याकाळच्या करमणुकीचा सरंजाम आहे. आणि ज्या गाण्यांसाठीं तो मांडला जातो तीं पुष्कळ ठिकाणीं धर्माचीं नसतात, आपल्या ऋतूचीं नसतात आणि मुलांच्या घरच्या भाषेचींहि नसतात. सर्वच मंडळ्यांत असें चालतें असें आम्ही म्हणत नाहीं. खेड्यापाड्यांतून, आणि शहरांतल्याहि कांहीं जुन्या मंडळ्यांतून, पेटी-तबल्यावर मराठी गीतें मुलांच्या तोंडीं बसविणारे शिक्षक अजून आहेत. परंतु वारा कोणत्या दिशेचा आहे हें सांगण्यास ज्योतिषी नको.

ह्या बाबतींत बोलण्याचा आम्हांला काय अधिकार, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. धर्मानें आम्ही त्या मंदिराच्या बाहेरचे. भाषेनें मात्र घरचे. आमचीं तीस वर्षें महाविद्यालयांत इंग्रजी कविता शिकविण्यांत गेलीं, आणि त्या कवितेवरचें आमचें प्रेम तिळभरहि कमी झालेलें नाहीं. तेव्हां इंग्रजीच्या द्वेषानें आम्ही हें लिहितों असा संशय कोणी घेऊं नये. चारशें वर्षें ख्रिस्ती कवींनीं मराठींत जें गीतभांडार सांठविलें तें एकट्या ख्रिस्ती समाजाचें नाहीं, तें मराठीचें आहे. शिवाय ख्रिस्तेतर घरांतलीं मुलेंहि इंग्रजी शाळांतून डिसेंबरांत लाल टोप्या घालून हींच गाणीं म्हणतात, आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे एवढेंच, अशी समजूत घेऊन मोठीं होतात. म्हणून हा प्रश्न आमच्या सर्व वाचकांच्या उंबऱ्याशीं येऊन ठेपला आहे.

प्रथम धर्माचें पाहूं. नाताळच्या कार्यक्रमांत लहान मुलांच्या तोंडीं हटकून घातलें जाणारें गाणें म्हणजे 'जिंगल बेल्स'. जेम्स पियरपाँट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें तें रचलें, आणि १८५७ सालीं तें दुसऱ्याच नांवानें छापून निघालें. बर्फावरून घसरत जाणाऱ्या एका घोड्याच्या गाडींत बसून केलेल्या मौजेचें तें वर्णन आहे. त्यांत घुंगरांचा नाद आहे, शेजारीं बसलेली एक तरुणी आहे, गाडी उलटण्याचा विनोद आहे. ख्रिस्त नाहीं, बेथलेहेम नाहीं, इतकेंच काय पण नाताळ हा शब्दसुद्धां नाहीं. गाणें म्हणून तें मोठें आनंदी आहे, आणि सहलीच्या गाडींत मुलांनीं तें म्हटलें तर आम्हीहि ठेका धरूं. पण प्रार्थना झाल्यावर, पाळकांच्या समक्ष, बाळ येशूच्या जन्माचें गीत म्हणून तें सात वर्षांच्या मुलांकडून म्हणवून घेणें ह्याला काय म्हणावें? एखाद्या देवळांत जन्माष्टमीच्या पाळण्याला बैलगाड्यांच्या शर्यतीचें गाणें लावलें तर भाविक पुजाऱ्याला जाब विचारल्यावांचून राहणार नाहींत. ख्रिस्ती पालक हा जाब कां विचारीत नाहींत, ह्याचें आम्हांला नवल वाटतें.

मागें अशाच एका तालमीस आम्ही निमंत्रणावरून गेलों होतों. गाणें इंग्रजी, साथ यंत्रांतून येणारी, शब्द भिंतीवरच्या पडद्यावर. मध्येंच एका सात-आठ वर्षांच्या मुलीनें विचारलें, "टीचर, स्ले म्हणजे काय?" उत्तर मिळालें, "सांताची गाडी. तूं आधीं हात नीट हलव." मुलगी गप्प झाली आणि हात हलवूं लागली. त्या शिक्षिकेला आम्ही दोष देत नाहीं. कार्यक्रमाला आठ दिवस उरले होते, चाळीस मुलांना रांगेंत उभें करावयाचें होतें, आणि अर्थ सांगत बसावयास तिच्यापाशीं सवड नव्हती. दोष आहे तो ज्या व्यवस्थेंत अर्थ विचारणारें मूल हा तालमींतला अडथळा ठरतो त्या व्यवस्थेचा. रविवारच्या शाळेंत, जुन्या मंडळींच्या भाषेंत शब्बाथशाळेंत, मुलानें अर्थ विचारावा ह्यासाठींच तर त्याला तेथें बसवावयाचें!

पाश्चात्य नाताळगीतें वाईट आहेत असा ह्याचा अर्थ कोणी करूं नये. त्यांतलीं जीं उत्तम आहेत तीं कशीं जन्मलीं हें पाहिलें तर तींच आमच्या बाजूनें साक्ष देतात. 'सायलेंट नाइट' ह्या नांवानें जगाला माहीत असलेलें गीत मुळांत इंग्रजी नाहीं. ऑस्ट्रियांतील साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ ह्या लहानशा गांवीं, १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीं, तें प्रथम गाइलें गेलें. शब्द तेथील तरुण धर्मगुरु योझेफ मोर ह्यांचे. चाल शेजारच्या गांवचे शाळामास्तर फ्रान्झ ग्रूबर ह्यांची. साथीला एक गिटार. उपासनेची भाषा त्या काळीं लॅटिन होती. पण मोर ह्यांनीं गीत रचलें तें गांवकऱ्यांना कळणाऱ्या जर्मन भाषेंत.

क्रिस्टिना रोझेटी ह्या इंग्रज कवयित्रीचें १८७२ सालीं प्रसिद्ध झालेलें नाताळगीतहि असेंच आहे. त्यांत तिनें ख्रिस्तजन्माच्या गोठ्याभोंवतीं बर्फाचे थरावर थर रचले आहेत. बेथलेहेमांत असे थर सांचत नाहींत. पण लंडनच्या हिवाळ्यांत वाढलेल्या कवयित्रीपाशीं त्या बाळाला द्यावयास तोच हिवाळा होता. बर्फ तिचा स्वतःचा होता, म्हणून तें गीत वाचतांना थंडी वाजते. आमच्या मुलांच्या तोंडीं तोच बर्फ उसना होतो. रोझेटीपासून शिकावयाचें असेल तर तिचा बर्फ उचलण्यापेक्षां तिची रीत उचलावी. आमचा नाताळ मार्गशीर्ष-पौषांत येतो. त्या दिवसांत सोलापूर-नगरच्या बाजूला ज्वारी उभी असते. ऊसतोडणीच्या टोळ्या पालें ठोकून उघड्या रानांत राहतात. पहांटे शेकोट्या पेटतात. आणि धनगर खरोखरच आपल्या मेंढरांची राखण करीत रात्रीं माळावर निजलेले असतात. गव्हाण म्हणजे काय हें आमच्या शेतकऱ्याच्या मुलाला सांगावें लागत नाहीं. उतारशाळेंत जागा न मिळालेल्या कुटुंबाची कथा समजावयास ऊसतोडकऱ्यांच्या पालांत जन्मलेलें मूल जितकें उपयोगी पडेल तितका कोणत्याहि देशाचा बर्फ पडणार नाहीं. असें असतां ह्या ऋतूचें, ह्या मातीचें नाताळगीत मुलांना शिकविण्याऐवजीं, कधीं न पाहिलेल्या हिमाचें वर्णन त्यांच्याकडून पाठ करून घेण्यांत कोणता धर्म साधतो?

आणि ही रीत मराठी ख्रिस्ती मंडळीला नवी नाहीं. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला. त्याचें 'क्रिस्तपुराण' १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ आहे. ग्रंथाच्या आरंभींचा प्रसंग बोलका आहे. साष्टींत ख्रिस्ती शिकवण चालली असतां एक नवख्रिस्ती गृहस्थ पाद्रीला विचारतो कीं, आमचीं जुनीं पुराणें तुम्ही बंद केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांला दुसरें पुराण कां देत नाहीं? स्टीफन्सनें ह्या प्रश्नाला उत्तर दिलें तें ज्ञानेश्वर-एकनाथांच्या ओवींतून. ज्याची जन्मभाषा इंग्रजी, त्यानें मराठी ओवी पत्करली. आणि ज्यांची जन्मभाषा मराठी, ते आज आपल्या मुलांना इंग्रजी गाणीं पाठ करावयास लावतात!

पुढें अहमदनगरास, म्हणजे हल्लींच्या अहिल्यानगरास, रेव्हरंड नारायण वामन टिळकांनीं हेंच काम पुन्हां हातीं घेतलें. १८९५ सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला, १९१९ सालीं ते निवर्तले. मधल्या चोवीस वर्षांत त्यांनीं मराठी मंडळीला अभंग दिले, भजनें दिलीं, कीर्तन दिलें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशीं पोंचलों असें ते सांगत. मराठी वाचक त्यांना फुलांमुलांचे कवि म्हणून ओळखतो. त्यांचीं, तसेंच कृष्णराव सांगळे ह्यांच्यासारख्या इतर कवींचीं गीतें 'उपासना संगीत' ह्या पुस्तकांत आहेत, आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांतून तें पुस्तक मोठीं माणसें आजहि हातीं धरतात. फुलांमुलांच्या कवीचीं गीतें मोठ्यांनीं गावीं आणि मुलांना त्यांचा गंधहि नसावा, ही स्थिति विपरीत आहे.

कॅथॉलिक मंडळींना लॅटिनचें बंधन होतें. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनाविधींत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली, आणि वसईच्या चर्चांतून मराठी उपासना घुमूं लागली. त्याच वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबाद, म्हणजे आतांचें धाराशिव, येथें भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. १६८४ सालीं गोव्याच्या पोर्तुगीज सत्तेनें, लोकांनीं तीन वर्षांत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी, असा हुकूम काढला होता. आज तसा हुकूम नाहीं, रोमचा अडसर नाहीं. जें सत्तेला जुलमानें साधलें नाहीं तें आम्ही हौसेनें पार पाडीत आहोंत.

आतां प्रतिपक्षाचें म्हणणें ऐकूं. पहिला आक्षेप असा कीं, चर्च हें सर्व जगाचें आहे, तेथें भाषेचा अभिमान कशाला? ह्याला उत्तर ख्रिस्ती धर्मग्रंथांतच आहे. पेंटेकॉस्टच्या दिवसाच्या कथेंत देशोदेशींच्या लोकांनीं प्रेषितांचें बोलणें ऐकलें तें आपापल्या जन्मभाषेंत. सर्वांना एकच भाषा देण्याचा चमत्कार त्या दिवशीं झाला नाहीं.

दुसरा आक्षेप असा कीं, जुनीं मराठी गीतें संस्कृतप्रचुर व कठीण आहेत, मुलांना कळत नाहींत. कांहीं गीतें कठीण आहेत खरीं. परंतु रामरक्षा म्हणणाऱ्या मुलाला ती कोठें कळलेली असते? आपल्या भाषेंतला न कळलेला शब्द मुलाजवळ ठेव म्हणून राहतो. तोच शब्द पुढें कोणाच्या बोलण्यांत, पुस्तकांत, प्रवचनांत भेटतो, आणि एके दिवशीं आपोआप उलगडतो. घसरगाडीचा इंग्रजी शब्द पुण्याच्या मुलीला पुढें कोठें भेटणार?

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. आमचीं मुलें इंग्रजी शाळेंत जातात, त्यांना इंग्रजीच अधिक कळतें, मराठी त्यांना परकी वाटते, असें आया सांगतात. त्या खोटें बोलत नाहींत. आमचा मुद्दा असा कीं ह्याच कारणासाठीं चर्चमध्यें मराठी पाहिजे. घरांत मराठी उरली आहे ती जेव, झोप, आवर, चल ह्या आज्ञांपुरती. करुणा, शरण, कृपा, सांत्वन हे शब्द त्या मुलाच्या कानांवर पडावे असें ठिकाण आतां कोणतें राहिलें? आजीच्या अंत्यविधीला थडग्याभोंवतीं उभी असलेली मंडळी तिचें आवडतें मराठी गीत धरते, आणि ज्यांना तिनें मांडीवर खेळविलें तीं नातवंडें ओठ मिटून उभीं असतात. त्यांना दुःख नसतें असें नाहीं. त्या दुःखाचे शब्द त्यांना कोणीं दिलेले नसतात. इंग्रजी शाळा त्यांना पुष्कळ कांहीं देईल, पण आजीबरोबर गाण्याचा हा अधिकार देणार नाहीं. तो द्यावयाचा तर सातव्या-आठव्या वर्षींच द्यावा लागतो.

मराठीचा आग्रह धरणाऱ्यांनाहि एक गोष्ट सांगितली पाहिजे. परक्या चालीवर मराठी शब्द बसविले म्हणजे गीत मराठी झालें, असें नाहीं. इंग्रजी गीत आघातावर चालतें. मराठी छंद अक्षरांच्या आणि मात्रांच्या मोजणीवर चालतो. भाषांतरकार अक्षरें मोजून बसवितो, आणि मग चालीचा मुख्य ठोका 'देवाच्या' ह्या शब्दांतल्या 'च्या'वर येऊन आदळतो, ऱ्हस्व ताणला जातो, दीर्घ गिळला जातो. मुलांचा कान अशा गाण्यानें बिघडतो, आणि मराठी गीत म्हणजे ओबडधोबड अशी समजूत होते. ओवी-अभंगांत, साकी-दिंडींत ही ओढाताण नाहीं. शब्द तेथें आपल्या पायांनीं चालतात. म्हणून मुलांचा आरंभ देशी चालींनीं व्हावा. पाश्चात्य चाली शिकूं नयेत असें नाहीं. त्यांची पाळी नंतर येऊं द्यावी.

राहिला ऋतूचा प्रश्न. धर्माचें गाणें आणि ऋतूचें गाणें हीं जेथें एकत्र येतात तेथें शिकविणें सोपें होतें. भोंडल्याचें उदाहरण आपल्या सर्वांच्या घरचें आहे. हस्ताचा पाऊस, पाटावरचा हत्ती, फेर धरलेल्या मुली. मोठ्या मुलींचें ऐकून धाकट्यांना गाणीं येऊं लागतात, तालीम कोणी घेत नाहीं. ख्रिस्ती समाजांतहि अशा जागा आहेत. मंगळुराकडील कोंकणी ख्रिस्ती ८ सप्टेंबरच्या मरियेच्या जन्मोत्सवाआधीं नऊ दिवस मुलांकडून तिला फुलें वाहवितात; पावसाळ्यांत उमललेलीं फुलें मुलेंच गोळा करून आणतात आणि कोंकणींत गात गात वाहतात. मुंबईचे ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरांत 'आगेरा' करतात. नव्या भाताच्या लोंब्या आशीर्वादासाठीं चर्चमध्यें आणल्या जातात. फूल हातांत असतांना फुलाचें गाणें आणि लोंबी हातांत असतांना पिकाचें गाणें शिकवावयास पडदा लागत नाहीं, यंत्रहि लागत नाहीं.

नुसती टीका करून थांबणें सोपें आहे. म्हणून काय करावें तेंहि सांगतों. गाण्यांचें वर्ष डिसेंबरऐवजीं जूनपासून धरावें. ज्येष्ठांत पहिल्या पावसाचें आभारगीत, भाद्रपदांत फुलांचें, आणि कॅथॉलिक मंडळींत मरियेच्या जन्माचें, आश्विन-कार्तिकांत सुगीचें, मार्गशीर्षांत नाताळचें, फाल्गुनाच्या पानगळींत उपवासकाळाचें, आणि पालवी फुटली म्हणजे पुनरुत्थानाचें. वर्षाला सहा गीतें, एकेक पुरतें, सर्व कडव्यांसह. सातव्या वर्षीं आलेलें मूल तेरावें लागतांना छत्तीस गीतें घेऊन बाहेर पडेल. प्रत्येक गीताआधीं शिक्षकानें दहा मिनिटें अर्थ सांगावा आणि मुलांचे प्रश्न संपेपर्यंत तोंडानें गाऊं नये. महिन्यांतून एका रविवारीं मुलांनीं तें गीत मोठ्यांच्या बरोबर, मोठ्यांच्या बांकांवर बसून गावें. रंगमंच, पोशाख आणि बक्षिसें ह्यांना त्या दिवशीं सुटी असावी. नाताळला एखादें इंग्रजी गीत हवें असेल तर खुशाल असावें, पण तें ख्रिस्ताचें असावें, आणि त्यांतला प्रत्येक शब्द मुलांना समजलेला असावा.

जेथें योग्य गीत नाहीं तेथें नवें रचावें लागेल, आणि येथें आमच्या कविमित्रांना आमचें सांगणें आहे. ऊसतोडकऱ्याच्या पालांतला नाताळ, पहिल्या पावसाचें आभारगीत, भाताच्या लोंबीची प्रार्थना: हे विषय कोणत्याहि धर्माच्या मराठी कवीला परके नाहींत. मुलांसाठीं सोपें लिहिणें कमी प्रतीचें काम आहे असें ज्यांना वाटतें त्यांनीं टिळकांचीं बालगीतें पुन्हां एकदां वाचून पाहावीं.

ह्या सगळ्याला पैसा लागत नाहीं, समित्या लागत नाहींत. लागतो तो एक मराठी जाणणारा शिक्षक आणि वर्षभराचा धीर. पालकांनीं मनावर घेतलें तर पहिलें गीत पुढच्या जूनमध्येंच बसवितां येईल. पहिल्या पावसानंतरच्या रविवारीं कोणकोणत्या ख्रिस्तमंदिरांतून मुलांच्या तोंडचें पावसाचें मराठी गीत ऐकूं येतें, तें आम्ही कान देऊन ऐकणार आहोंत.